चौथ्या हवाई मार्गातला मोहा

विमान कंपनीतल्या माणसानं बैलगाडीच्या प्रवासाचं वर्णन लिहावं याचं ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. मलाही आलं होतं. नागपूरच्या विमानतळावर उभं राहून कलकत्त्याच्या उतारूंना शिडी दाखवणं हे माझं काम. त्या वर्षी फाल्गुनात मात्र मी चांदा जिल्ह्याच्या जंगलात, बैलगाडीत बसून, अंग ठेचून घेत, विमानासाठी जागा शोधत हिंडत होतो. त्या भागात आपली मंडळी सहसा जात नाहीत. गेली तर शिकारीला जातात आणि परत आल्यावर फक्त वाघाबद्दल बोलतात. मला वाघ दिसला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणी त्याची वाट पाहणार नाही.

आमची कंपनी लहान होती. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी मागे टाकलेली डाकोटा विमानं विक्रीला निघाली, त्यातली तीन आमच्या मालकांनी घेतली. मालक म्हणजे बापूसाहेब, मूळचे मोटरवाले. उमरेडच्या रस्त्यावर त्यांच्या सर्व्हिस मोटारी धावत असत, आणि विमान कंपनीही ते त्याच पद्धतीनं चालवत. नेहमीचा उतारू रेल्वे फाटकात अडकला आहे असा फोन आला की विमान थांबवून ठेवत. निघताना स्वतः शिडीजवळ उभे राहून प्रत्येकाला जेवण झालं का ते विचारत. विमानांची कागदावरची नावं इंग्रजी अक्षरांची होती, पण आम्ही सगळे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत असू. थोरली तेल फार खायची, मधली शहाणी होती, आणि धाकटीचं उजवं इंजिन थंडीत रुसून बसायचं. याखेरीज दोन माणसांचं एक चिमुकलं विमान होतं, त्याचं नाव शिंगरू.

मार्ग तीन होते. एक जबलपूरचा, एक रायपूरवरून कलकत्त्याचा आणि एक हैदराबादचा. उतारू कमी पडले की संत्र्यांच्या करंड्या आणि रामटेकची पानं भरायची. एकदा तर वऱ्हाडी मंडळी नवऱ्यासकट नेली आणि विमानातच मुंडावळ्या हरवल्या म्हणून उतरल्यावर तासभर शोधाशोध झाली. असा आमचा कारभार.

मी सांगतो तेव्हा सरकार सगळ्या विमान कंपन्या आपल्या हाती घेणार हे पक्कं झालेलं होतं. आम्हा नोकरांना त्याची फार धास्ती नव्हती, कारण आम्हाला सरकार सामावून घेणार होतं. बापूसाहेबांना मात्र सामावून घेणारं कोणी नव्हतं. त्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली होती, चौथा मार्ग. नागपूरहून चांद्याच्या जंगलावरून थेट विशाखापट्टणला, समुद्राला. एका दुपारी त्यांनी मला नकाशापुढे उभं केलं.

"भिडे, लेक तं आता सासरी द्याचीच आहे," ते म्हणाले. "पन देताना अंगावर एक दागिना जास्त असला तं बापाले बरं वाटते. तुम्ही जाऊन या."

अडचण अशी होती की या मार्गावर खाली नुसतं जंगल. विमान बिघडलं तर टेकायला मधे एखादं साफ मैदान हवं, त्याशिवाय परवानगी नाही, असं विमान खात्यानं कळवलं होतं. मैदान मिळालं तर मार्ग, नाही तर नाही. एवढ्यासाठी मी निघालो. खिशात कलेक्टर कचेरीचा कागद होता आणि जंगल खात्याची झाडं तोडायची परवानगी होती.

चांदा

चांद्याला गाडीतून उतरलो आणि परकोटाच्या दरवाजातून टांग्यानं गावात शिरलो. ऊन असं की टांगेवाल्यानं घोड्याच्या डोक्यावरही ओलं फडकं टाकलेलं. हा कोट एवढा लांबरुंद आणि शाबूत आहे की आमच्या सातारा-वाईकडे असता तर दर दगडाला एक पुस्तक निघालं असतं. इथले लोक त्याच्या सावलीत म्हशी बांधतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही दुसऱ्या दिवशी वाटेनासं झालं.

खाणावळीत पहिल्याच जेवणाला फजिती झाली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "भाजीवर सांबार टाकू का जी?" माझ्या डोळ्यांपुढे मद्रासी सांबार आलं. वांग्याच्या भाजीवर ते कसं ओततात हे पाहावं म्हणून मी वाटी पुढे केली. बाईंनी वाटीत चिमूटभर कोथिंबीर टाकली आणि माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. वाटीतली कोथिंबीर मी तशीच खाल्ली, कारण आता माघार घेणं बरं दिसलं नसतं.

पुढे मूल गावापर्यंत छोटी रेल्वेगाडी, तिथून मोटार, आणि मोटार वैनगंगेच्या काठाशी येऊन थांबली. नदीला पूल नाही. फाल्गुनातली वैनगंगा म्हणजे निम्मी वाळू आणि निम्मं पाणी. वाळू पायी तुडवायची आणि पाणी डोंग्यातून, म्हणजे एकाच खोडातून कोरलेल्या होडीतून ओलांडायचं. डोंग्यात माझ्याबरोबर एक शेळी होती. ती शांत बसली होती, त्यामुळे मलाही बसावं लागलं.

वैनगंगेपलीकडे

पलीकडे सीतारामभाऊ खासर घेऊन उभे होते. खासर म्हणजे इकडची हलकी बैलगाडी. सीतारामभाऊ चामोर्शीकडचे कास्तकार, धानाची शेती असलेले, पन्नाशीचे, मराठी आणि गोंडी दोन्ही अखंड बोलणारे. कचेरीनं त्यांना माझ्याबरोबर दिलं होतं. पहिल्या मैलातच त्यांनी माझी चौकशी पूर्ण केली.

"तं तुम्ही इमानासाठी जागा पाहून राह्यले."

"हो, विमानासाठी."

"तेच तं म्हनून राह्यलो. इमान."

इकडे विहिरीची इहीर होते, विचाराचा इचार होतो, तसं विमानाचं इमान. तो शब्द ऐकायला मला फार आवडला. आमच्या कंपनीत दोन्ही प्रकारचं इमान होतं असं म्हणायला माझी हरकत नाही. बापूसाहेबही घरात बोलताना इमानच म्हणत आणि कंपनीच्या सभेत मात्र सावरून घेत.

सीतारामभाऊंना विमानाबद्दल फार शंका होत्या. वर गेल्यावर थुंकायचं कुठे, ही पहिली. रस्ता चुकला तर विचारायचं कोणाला, ही दुसरी. मी होकायंत्र समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे इचाराले मानूसच नाई. मंग कठीनच आहे." एकट्यानं प्रवास करणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा त्यांचा स्वर होता.

चार-पाच दिवस आम्ही गावोगाव हिंडलो आणि माझा धीर सुटत चालला. जिथे सपाटी तिथे धान, आणि जिथे धान तिथे बांध. कापणी झालेली शेतं दुरून पाहिली की थाळीसारखी सपाट, जवळ गेलं की दर वीस पावलांवर गुडघाभर उंच मातीचा बांध. त्यात मधे मधे तळी, त्यांना बोड्या म्हणतात. एका बोडीचा काठ सुका समजून मी पाय टाकला आणि कमरेपर्यंत आत गेलो. सीतारामभाऊंनी आणि एका गुराख्यानं मला काढलं. दुसऱ्या दिवशी एका बैलानं माझ्या सोलाहॅटचा काठ खाल्ला. नंतर मी डोक्याला पंचाच बांधला, आणि खरं सांगायचं तर तोच बरा होता.

जेवणाचे हाल मात्र एक दिवसही झाले नाहीत. कुठेही थांबलं की तांदळाची भाकर, लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण आणि भाजलेल्या भेदरांची, म्हणजे टोमॅटोची, चटणी पुढे येई. आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजची आणि तांदळाची कौतुकाची. इथे मी ज्वारीची खातो म्हटल्यावर एका घरच्या बाई हळहळल्या आणि मला आणखी एक भाकर वाढली.

पेंदामटोला

शेवटी जागा सापडली. चामोर्शीहून पुढे, दाट जंगलात, पेंदामटोला नावाचं गोंडांचं गाव आहे. गावाच्या मागे लांबलचक माळ. उंचावर असल्यामुळे त्यावर धान होत नाही, म्हणून बांध नाहीत. अर्ध्या मैलाहून लांब, पायाखाली मुरूम. ऐन, धावडा, पळस असली झाडं विखुरलेली, झुडपं आणि वारुळं मोप, पण ते साफ होण्यासारखं होतं. मी माळाच्या एका टोकाला उभा राहिलो आणि मला तिथे थोरली उतरताना दिसायला लागली.

गावचे पाटील रैनू, अंगानं वाळके, उंच, कमी बोलणारे. त्यांनी "जोहार" केला, आंबील दिली, तिला ते जावा म्हणतात. सगळं गाव जमलं. मी हात लांब करून सांगितलं, सीतारामभाऊंनी गोंडीत केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही झाड नको, झुडूप नको, वारूळ नको, दगड नको. तुमची गुरं चरतात त्याला ना नाही. मजुरी कंपनी देईल. इथे विमान उतरलं आणि गावात कोणी आजारी असलं, तर त्याच विमानातून तुमचा माणूस नागपूरच्या दवाखान्यात जाऊ शकेल. हे शेवटचं मी बापूसाहेबांच्या भरवशावर बोललो. मोटार असो की विमान, रस्त्यात हात दाखवणाऱ्याला त्यांनी नाही म्हटलेलं मला माहीत नव्हतं.

गाव आपसात बराच वेळ बोललं. मग पाटील म्हणाले, "झाडं तोडून देतो. जागा साफ करून देतो. तू जाऊन ये." गोंडीत अहोजाहो नाही, त्यामुळे ते मराठीतही सगळ्यांना एकेरीच हाक मारतात. नागपुरात मला साहेब म्हणणाऱ्या हमालापेक्षा त्या एकेरीत जास्त आदर होता असं मला तेव्हाही वाटलं.

मी खूष होऊन पुढे सिरोंच्याला गेलो, कारण मार्गाचा पुढचा भागही नजरेखालून घालायचा होता. तो रस्ता सांगण्यात अर्थ नाही, त्यात फक्त धूळ आहे. सिरोंचा मात्र छान. प्राणहिता आणि गोदावरीचा संगम, रुंद पाणी, आणि बाजारात निम्मी मराठी तर निम्मी तेलुगू. भात वाढणाऱ्यानं पानात लोणचं असं वाढलं की मी रात्रभर पाणी पीत होतो. तिथून मी नागपूरला तार ठोकली, जागा मिळाली, सोमवारी सकाळी कॅप्टनला शिंगरू घेऊन पाठवा. कॅप्टन सरदेसाई आमचे मुख्य वैमानिक. त्यांनी जागा पसंत केली की काम फत्ते, एवढंच राहिलं होतं. उलट तार आली त्यात बापूसाहेबांनी नुसतं "शाब्बास" लिहिलं होतं.

झाड आणि मोहा

पेंदामटोल्याला परत पोचलो तो रविवार, दुपार कलती होती. चैत्र लागला होता. मी खासरातून उडी टाकली आणि माळाकडे धावलो. इतकी सुरेख साफ केलेली जागा मी नागपुरातही पाहिलेली नाही. वारुळं सपाट, दगड वेचून कडेला रचलेले, झुडपं मुळासकट काढलेली. बायकांनी खराट्यानं माळ झाडला होता. आणि बरोबर मध्यावर, ज्या जागी डाकोटा पूर्ण वेगात असायचं, तिथे एक मोठं थोरलं झाड उभं होतं.

मी पाटलांना विचारलं, "पाटील, हे झाड राहिलं?"

पाटलांनी माळावर इकडून तिकडे पाहिलं. "कोनतं झाड?"

"हे. हे समोरचं."

"हा तं मोहा आहे," पाटील म्हणाले.

मी सीतारामभाऊंकडे पाहिलं. तेही पाटलांइतकेच गोंधळलेले. मी म्हटलं, मोहा म्हणजे झाडच ना? सीतारामभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "तसं नाई जी. तुम्ही म्हनलं झाडं तोडा, त्याइनं तोडली. मोह्याले झाडात कोन धरते? आमच्या वावरात पाहा, सगळं रान साफ करते मानूस, मोहा उभा ठेवते. नांगर त्याच्या बाजूनं वळवते."

मला आठवलं, वाटेतल्या कितीतरी शेतांत मधोमध एकेकटे मोहे उभे दिसले होते. मी त्यांना शोभा समजलो होतो. आमच्याकडे शेतातल्या आंब्याला झाडच म्हणतात आणि वेळ आली तर तोडतातही. इथल्या माणसांच्या लेखी झाडं वेगळी आणि मोहा वेगळा. मी एकही झाड नको म्हटलं होतं आणि त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता.

झाडाखाली एक म्हातारी बसली होती. तिचं नाव झुरीबाई. मोहा तिचा होता. जंगलातल्या मोह्यांचीही इथे घराघरांत वाटणी असते, आणि कोणी कोणाच्या मोह्याखाली वाकत नाही. ही लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं हा तिच्या नावाचा करून दिला होता. बाकीच्यांचे पाच-सहा असतात, हिचा एकच. चैत्रात पहाटेपासून फुलं गळतात, पिवळट, रसाळ, मण्यांएवढी. ती वेचायची, वाळवायची, वर्षभर खायची आणि उरलेल्यांवर बाजारातून मीठ आणि लुगडं आणायचं. ती एकेक फूल वेचून टोपलीत टाकत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

"तुमाले पायजेच असन तं पाडून देतील," सीतारामभाऊ हळूच म्हणाले. पाटलांनी दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन बोलावलीही होती. माझ्या खिशात कागद होता. मी एक शब्द बोललो असतो तर संध्याकाळच्या आत तो मोहा आडवा झाला असता आणि बापूसाहेबांना त्यांचा दागिना मिळाला असता. मला आधी त्या लोकांचा राग आला, मग कलेक्टर कचेरीचा आला, आणि शेवटी उगाच सीतारामभाऊंचाही आला.

मी झुरीबाईंजवळ गेलो आणि सांगितलं, की उद्या विमान येणार आहे, त्याला जागा लांब लागते. सीतारामभाऊंनी गोंडीत सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि मोडक्या मराठीत मलाच विचारलं, "तुह्या इमानाले वळता येत नाई का?"

मी म्हटलं, जमिनीवर वेगात असताना नाही येत.

"मंग नांगर बरा," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तोडशीन तं तोड. पन खाली पडलेलं फूल आज वेचू दे."

ती रडली असती किंवा भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त आजचा दिवस मागितला. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी पाटलांना म्हटलं, "आज राहू द्या. उद्या कॅप्टन पाहतील." कुऱ्हाडीवाले घरी गेले. वरिष्ठांवर ढकलणं ही माझी नोकरीतली जुनी कला आहे, ती त्या दिवशी कामाला आली. त्या संध्याकाळी गावानं मला मोहफुलं आणि तीळ कुटून केलेले लाडू खायला दिले, आणि ते चांगले लागले याचंसुद्धा मला वाईट वाटलं.

शिंगरू आलं

सकाळी बायकांनी आपापल्या मोह्यांखालचा पाचोळा जाळला होता, फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून. त्यामुळे धूर सगळीकडून सरळ एका दिशेला जात होता आणि कॅप्टनला वारा कळायला वेगळं काही करावं लागलं नाही. मोह्याच्या अलीकडच्या अर्ध्या माळावर मी दोन धोतरं अंथरून खूण केली. शिंगरूला तेवढी जागा पुरे होती.

घरघर ऐकू आली तसं अख्खं गाव घरांमागे गेलं. पाटील तेवढे माझ्याजवळ उभे राहिले. शिंगरूनं दोन घिरट्या घातल्या, खाली आलं, उड्या मारत पळालं आणि मोह्यापासून चांगल्या अंतरावर थांबलं. मग सगळे हळूहळू पुढे आले. एका माणसानं पंखाला हात लावून पाहिला आणि तो कापडाचा आहे हे कळल्यावर इतरांना बोलावून दाखवलं. सीतारामभाऊ आत डोकावून आले आणि थुंकायची काही सोय नसल्याचं त्यांनी मला ऐकवलं.

कॅप्टन सरदेसाई बेळगावकडचे. लढाईत ब्रह्मदेशच्या जंगलावर उडालेले, तेव्हापासून फारसे बोलत नसत. ते माळाच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत गेले, टाच आपटून जमीन पाहिली आणि परत येऊन मोह्याखाली उभे राहिले.

"झाडाशिवाय जागा उत्तम आहे," ते म्हणाले. "झाडासकट डाकोट्याला निरुपयोगी. तोडायला किती वेळ लागेल?"

"दुपारपर्यंत होईल."

"मग थांबलात कशाला?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा पाटलांना. मला सांगवत नाही." आणि झाड व मोहा यातला फरक त्यांना जमेल तसा सांगितला. ते काही बोलणार तेवढ्यात पायांशी बसलेल्या झुरीबाईंनी त्यांच्या बुटावर दोन बोटांनी टकटक केलं.

"सरक," ती म्हणाली. "तुहा पाय फुलावर आहे."

कॅप्टन सरदेसाईंना कोणी सरक म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते सरकले. पण तिथेही फुलं होती, म्हणून आणखी सरकले. सरकत सरकत ते मोह्याच्या सावलीबाहेर गेले आणि उन्हात उभं राहून तिचं वेचणं पाहत राहिले. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "भिडे, जागा अयोग्य, एवढंच मी लिहीन. झाडाचं नाव काढणार नाही. काढलं तर वरचा कोणीतरी तोडा म्हणेल."

म्हणजे चौथा मार्ग संपला. मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच बापूसाहेब आठवले.

मागच्या बैठकीवर कॅप्टननी पेट्रोलचे डबे बांधून आणले होते. ते टाकीत ओतले, रिकामे डबे गावाला दिले, आणि मी शिंगरूतून परत जायचं ठरलं. जागा आखूड, म्हणून वजन कमी हवं. माझी ट्रंक आणि वळकटी उतरवून सीतारामभाऊंच्या खासरात टाकली. ती मला महिन्यानं मिळाली, पण त्यात एक गोष्टही कमी नव्हती, उलट चारोळीची एक पुडी जास्त होती.

इतक्यात झुरीबाई सीतारामभाऊंना काही विचारायला लागली. त्यांचं गोंडीत बरंच बोलणं झालं. सीतारामभाऊ मला म्हणाले, "ते इचारून राह्यली, का मोहा राह्यला तं तुमच्या मालकाचं काही गेलं का. मी सांगतलं, हो, इमानाचा रस्ता गेला. म्हाताऱ्याची लई हौस होती."

झुरीबाई घरी गेली आणि फडक्यात बांधलेली एक पोटली घेऊन आली. आधीच्या दिवसांत वाळवलेली मोहफुलं होती. ती तिनं माझ्या हातात दिली. "तुह्या मालकाले दे. माह्या मोह्यानं त्याचं नुकसान केलं."

मी परोपरीनं सांगितलं की त्याची काही गरज नाही. तिनं ऐकलं नाही. मी शिंगरूत बसलो तेव्हा कॅप्टननी पोटली हातात तोलून पाहिली, झाडाकडे पाहिलं, आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

शिंगरू उठलं. ज्या जंगलात मी पंधरवडाभर हाडं खिळखिळी करून घेतली ते खालून भराभरा निघून गेलं. बोड्या चमकत होत्या, बांधांची जाळी दिसत होती, वैनगंगेची वाळू आली आणि गेली. गावाचा माळ दिसेनासा झाला तेव्हा मी मागे वळून पाहत होतो आणि मला फार बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

नागपूर

बापूसाहेब विमानतळावरच उभे होते. मी उतरल्याबरोबर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी कचेरीत जाऊन सगळं सांगितलं, झाड, मोहा, कुऱ्हाडी, काहीही झाकून ठेवलं नाही. ते नकाशापुढे गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. कॅप्टन खिडकीबाहेर पाहत होते. आपण या माणसाची एवढी एकच इच्छा घालवली असं वाटून मला खुर्चीत बसवेना.

शेवटी मी पोटली टेबलावर ठेवली आणि कोणी, कशासाठी दिली ते सांगितलं.

बापूसाहेब वळले. पोटली सोडली, एक वाळलेलं फूल तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"भिडे," ते म्हणाले, "मोटारीखाली कोंबडी आली म्हनून भरपाई मांगनारे मले भेटले. इमानाच्या आवाजानं म्हैस आटली म्हनून मांगनारे भेटले. देनारी हे पहिलीच बाई."

त्यांनी आणखी एक फूल खाल्लं. कॅप्टननी हात पुढे केला तेव्हा पोटलीची गाठ पुन्हा बांधून टाकली.

पुढे लवकरच सरकारनं कंपनी घेतली. थोरली, मधली, धाकटी आणि तीन मार्ग गेले, आणि त्यांची भरपाई आली ती भागीदारांत वाटली गेली. ती पोटली मात्र बापूसाहेबांनी घरी नेली आणि त्यातलं एक फूलही कोणाला वाटू दिलं नाही.